पाच घोडे

डिचोलीच्या थिएटरात माझी जागा दाराशी,
पडद्याकडे पाठ.
सतरा वर्षं मी सिनेमे असेच पाहिले:
माणसांच्या तोंडांवर उजेड हलतो, तेवढेच.

त्या आठवड्यात घोड्याचा होता.
लंगडा, कुणी न घेतलेला,
खाटकाच्या दरात मिळालेला घोडा,
आणि शेवटी कप.
एवढं पोस्टरवरूनच कळत होतं.
तरी लोक आले.

दुपारी ट्रकवाले.
खाणी बंद, ट्रक अंगणात, बॉनेटवर कोंबड्या,
दिवस कुठे उभा करायचा हा प्रश्न
तो त्यांनी ऐंशी रुपयांत सोडवला.
घोडा पहिल्यांदा पडला तेव्हा
प्रेमानंद मळीक मोठ्यांदा म्हणाला, "हप्ता चुकला."
सगळे हसले.
मग घोडा उठायला लागला
आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.
प्रेमानंदने चप्पल काढली होती,
उजवा पाय फरशीवर दाबून धरला होता,
भरल्या गाडीने चढ घेताना दाबतात तसा.
मध्यंतरात तो उठलाच नाही.

शेणू गांवकरला तर मी फुकट सोडतो.
शिगम्यात घोडेमोडणी नाचलेली कंबर,
लाकडी घोडा बांधून तीस वर्षं.
आता गुडघा गेला, घोडा मुलाकडे गेला.
शर्यत सुरू झाली तशी त्याची खुर्ची कुरकुरायला लागली.
मागची बाई म्हणाली, "सरळ बसा ना हो."
"मी बसलोय, बाय," तो म्हणाला,
"हा बसत नाही."

मटकेवाल्या गजाने घोड्याच्या पाठीवरचा आकडा
हातावर लिहून घेतला,
स्टँडपाशी जाऊन लावला. आला नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढलं:
आकडा नीट पाहायचा राहिला होता म्हणे.

शाळेच्या खेळाला दीडशे पोरं.
यातून काय शिकायचं
ते हेडबाईंनी माइकवरून आधीच सांगून टाकलं.
शेवटी सगळी खुर्च्यांवर उभी, शिट्ट्या, आरडाओरडा,
एकच मुलगी खाली बसलेली.
बाहेर पडताना तिने मला विचारलं,
दाराशी मीच होतो म्हणून मला:
"काळा घोडा रोज जिंकायचा ना?
आज हरला.
घरी त्याला ओरडतील?"
मी तिच्या तिकिटाचा फाडलेला अर्धा
तिच्या हातात परत दिला.
दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

शनिवारी रात्री मयेचा बोस्त्यांव,
बहारीनच्या तबेल्यात एकवीस वर्षं मोतद्दार,
बाल्कनीत एकटाच.
मला वाटलं हा रडणार.
तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

शटर ओढताना त्याने मला थांबवलं.
"एक न्हय रे. पांच घोडे."
कपाळावरचा पांढरा ठिपका रंगवलेला,
एकाचा डोळ्याकडे सरकलेला.
दोन म्हातारे. एक तर घोडी.
चिखलात पडला तो पडायला शिकवलेला,
त्याला बिचाऱ्याला तेवढंच येतं.
"आणि कप देताना उभा होता ना,
कान मागे चिकटलेले?
तो भ्यालेला."
कशाला, मी विचारलं.
"टाळ्यांना."

मग जिंकला कोण, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं.
बोस्त्यांवने अंधारात हात वर नेला,
आपल्या डोक्याच्याही वर,
कुणाची तरी मान दोनदा थोपटली
आणि स्कूटरला किक मारली.

रविवार, शेवटचा खेळ.
सतरा वर्षांत पहिल्यांदा मी वळून उभा राहिलो.
लोक उठलेले, टाळ्या छपरापर्यंत,
प्रेमानंद पुन्हा आलेला, तोही उभा,
आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवर
एवढं मोठं तोंड,
ठिपका किंचित डोळ्याकडे,
कान मागे.

मी टाळी वाजवली नाही.
दाराची कडी काढली,
एक फळी उघडी ठेवली,
आणि जरा बाजूला सरलो.